न लढलेल्या लढाईचा सत्कार

आपल्या देशात सैन्यात सक्तीची भरती नाही, असं शाळेच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. ते पुस्तक लिहिणाऱ्याची माझ्या वडिलांशी कधी गाठ पडली नसावी.

बाबा रायपूरच्या रेल्वे ऑफिसात क्लार्क होते. आमचं मूळ घराणं अमरावतीकडचं. आजोबा रेल्वेच्या नोकरीपायी इकडे आले, पुरानी बस्तीत भाड्याने राहिले आणि इथलेच झाले. बाबांनी आयुष्यात पंख्याखालची खुर्ची सोडून दुसऱ्या कुठल्या आघाडीवर पाय ठेवला नाही. पण मिशा त्यांनी सुभेदाराच्या ठेवल्या होत्या. हिवाळ्यात खाकी स्वेटर घालून ते छाती काढून चालत. रेडिओवर सीमेवरची बातमी लागली की उभे राहून ऐकत, आणि आम्हालाही उभं करत. हाच माणूस दाढ काढायला समता कॉलनीतल्या डॉक्टरकडे गेला तेव्हा खुर्चीवरून उठून पळाला होता. आईने आणि मी त्यांना रिक्षात घालून परत नेलं. दाढ निघाल्यावर ते आठवडाभर पडून होते. आई मऊ भात भरवायची.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. आपली फौज श्रीलंकेत गेली होती. का गेली, कोणाशी लढते आहे, हे आमच्या गल्लीत कोणालाही धड सांगता आलं नसतं. बाबांना तर नाहीच. पण समुद्र ओलांडून फौज गेली म्हटल्यावर त्यांच्या अंगात वारं शिरलं. त्याच सुमारास मला पॉलिटेक्निकला प्रवेश मिळाला होता. नकाशे काढायचा कोर्स. मला रेघ सरळ येते, एवढा एकच गुण माझ्यात होता आणि तो मला आवडायचा.

बाबा म्हणाले, "लोकाइचे पोट्टे तिकडं देशासाठी मरून राहिले, अन् तू इथं रेघा मारत बसशील?"

मी म्हणालो, "बाबा, मले नाही जायचं फौजेत."

"तुले कोणी इचारलं?"

विषय संपला. मैदानावर भरती लागली तेव्हा ते स्वतः मला घेऊन गेले. धावताना इतर पोरांचे बाप झाडाखाली बसले होते. माझा बाप दोरीच्या पलीकडून "दौड! दौड!" असा ओरडत होता. मी धावलो. हरलो असतो तर घरी काय झालं असतं ते मला माहीत होतं, म्हणून जरा जास्तच धावलो. छातीचं माप भरलं, डोळे चांगले निघाले, कानात कोणी घाईघाईने टॉर्च मारला आणि पुढे ढकललं.

मी निघालो त्या दिवशी बाबांनी गल्लीत बँड आणला. लग्नात वाजवतो तोच बँड. त्यांना लग्नाचीच गाणी येत होती, म्हणून नवरदेवाच्या वरातीच्या गाण्यावर मी युद्धाला निघालो. आयाबायांनी ओवाळलं. स्टेशनवर बाबा सामानाच्या पेटीवर उभे राहिले आणि त्यांनी भाषण केलं. "मी माझा एकुलता एक मुलगा देशाला दिला!" असं ते म्हणाले तेव्हा टाळ्या पडल्या. आई खिडकीशी उभी राहून मला सांगत होती की लोणच्याची बरणी आडवी ठेवू नको. देऊन टाकलेल्या वस्तूला कसं वाटतं, हे विचारायची पद्धत नसते.

ट्रेनिंग सेंटरमध्ये माझ्या शेजारच्या खाटेवर एक छत्तीसगढी पोरगा होता. बीरगावजवळच्या एका पाऱ्यातला, म्हणजे वस्तीतला, माझ्याच शहराच्या टोकावरचा. तो पोटासाठी आला होता आणि तसं सरळ सांगायचा. घरी चार भाऊ आणि शेत एवढंसं. आम्ही दोघं चटकन जवळ आलो. तो माझे बूट चमकवायचा, मी त्याची घरी धाडायची पत्रं लिहून द्यायचो. उस्ताद आम्हाला रोज सांगायचा की कसम परेड, म्हणजे शेवटची शपथेची परेड, झाली की तुम्ही सगळे थेट त्या पलटणीत जाणार आहात जी मद्रासहून जहाजात बसणार आहे. काही पोरं खूश व्हायची. माझा मित्र विचारायचा, "जहाज में उल्टी होथे का?"

फायरिंग सुरू झालं आणि माझा डावा कान गेला. पहिल्या दिवशी आत शिट्टी वाजत राहिली. मग ठणका लागला, मग उशीवर डाग दिसू लागला. मी कापूस घालून चार दिवस काढले. परेडमध्ये उस्ताद डाव्या बाजूने ओरडला की मला ऐकूच येईना. अख्खी प्लाटून उजवीकडे वळली आणि मी एकटा सरळ चालत राहिलो, थेट मैदानाच्या कडेला लावलेल्या झेंडूच्या वाफ्यात. पोरं हसली. उस्तादाने मला कॉलर धरून बाहेर काढलं.

"बहरा है क्या?"

मी म्हणालो, "जी उस्ताद." मी शिस्तीने उत्तर दिलं होतं, पण तो ते उद्धटपणा समजला आणि त्याने मला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. फेऱ्या मारताना कानातून रक्त आलं तेव्हा कुठे मला दवाखान्यात पाठवलं.

मिलिटरी हॉस्पिटलातला डॉक्टर तरुण होता. त्याने बराच वेळ कानात पाहिलं. मग म्हणाला की पडद्याला भोक आहे, पण हे आजचं नाही. पूर्वी कधीतरी फाटला होता, वर पातळ पापुद्रा धरला होता, तो आता आवाजाने गेला.

"बचपन में कान पर मार लगी थी?"

"हाँ सर."

"किसने मारा था?"

"फादर ने."

तो लिहिता लिहिता थांबला. "तो श्रीलंका फादर को भेज देते हैं," असं म्हणून हसला. मीही हसलो आणि कानात कळ गेली.

ती चापट मला नीट आठवत होती. मी तेव्हा चौथीत असेन. गणपतीत आमच्या मराठी मंडळात बाबांचं भाषण होतं, विषय अर्थातच शौर्य. ते ऐन भरात आले, मूठ उगारली आणि तेवढ्यात माईक किंचाळला. बाबा दचकून मागे उडी मारून थेट हार्मोनियमवर बसले. सगळी पोरं हसली. मी जास्त हसलो, कारण घरी हसायची सोय नव्हती. घरी आल्यावर त्यांनी चप्पलही न काढता मला एक लावली. कितीतरी दिवस कान वाहत होता. आई तेल कोमट करून घालायची आणि बाबा म्हणायचे, नाटकं आहेत त्याची.

मेडिकल बोर्ड बसला. तीन अधिकाऱ्यांनी माझ्याकडे फारसं न पाहता मला सेवेस अयोग्य ठरवलं. मला हायसं वाटलं, हे मी लपवत नाही. लाजही वाटली, पण ती कोणाची लाज होती हे मला तेव्हा उलगडलं नाही. ती बाबांची होती. त्यांनी ती माझ्या पेटीत भरून दिली होती आणि मी इतके दिवस माझी समजून वाहत होतो.

माझ्या तुकडीला न्यायला ट्रक आले तेव्हा मी कानाला पट्टी बांधून पायरीवर बसलो होतो. मित्र माझ्याजवळ आला. आमच्या रायपूरकडे निरोप घेताना म्हणतात तेवढंच म्हणाला, "बने रहिबे." बरा राहा. ट्रकमध्ये चढल्यावर त्याने वळून पाहिलं नाही.

मी घरी पोचलो तेव्हा दुपार होती. आईने दार उघडलं, माझी पट्टी पाहिली आणि मला आत ओढून छातीशी धरलं. बाबा ऑफिसातून आले. मी जे झालं ते सांगितलं. त्यांनी आधी खिडकी लावून घेतली.

"कोणी पाह्यलं का तुले येताना?"

"रिक्षावाल्याने."

"आता काही दिवस भायेर निघू नको. मी पाह्यतो काय सांगायचं ते."

मग मी डॉक्टरने काय विचारलं ते सांगितलं. बाबा थोडा वेळ स्वतःच्या हाताकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल. ते बोलले.

"डावा कान म्हणतोस ना? मी तर उजव्या हातानं मारत असतो."

"उजव्या हाताची चापट डाव्याच कानावर बसते, बाबा."

त्यांनी हवेत हात फिरवून खात्री करून घेतली. खरंच केलं त्यांनी तसं, माझ्यासमोर, चहाचा कप दुसऱ्या हातात धरून. मग म्हणाले, "एवढ्याशा चापटीनं कोनाचा कान फुटते का? माह्या बापानं मले काय कमी मारलं? तुझा कानच कच्चा. हे तुझ्या आईकडून आलं."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "हो, माझ्याकडूनच आलं. तुमच्याकडून काय आलं ते त्याच्या कानात आहे."

इतक्या वर्षांच्या संसारात तिने त्यांना असं एकदाच ऐकवलं. बाबांनी ते ऐकलं नसल्यासारखं केलं. त्यांचे दोन्ही कान उत्तम होते.

आठवडाभरात मी सुट्टीवर आलो आहे असं गल्लीत पसरलं. नंतर सुट्टी फारच लांबली तेव्हा गोष्ट बदलली. मला वाण्याच्या दुकानात कळलं की मी श्रीलंकेला जाऊन आलो आहे. जंगलात चकमक झाली, गोळी माझ्या कानाला चाटून गेली, आणि मी जखमी असूनही दोन साथीदारांना खांद्यावर घालून आणलं. वाण्याने माझ्याकडून काडेपेटीचे पैसे घेतले नाहीत. मी घरी येऊन बाबांना विचारलं, "हे काहून सांगून राहिले तुम्ही?"

"लोकाइले काही तरी सांगा लागते. अन् तुझं काय बिघडलं त्याच्यात? मान मिळून राहिला ना?"

त्यांच्या तोंडावर अपराधाची रेषसुद्धा नव्हती. उलट आपण माझ्यावर उपकार केले असा भाव होता. मला वाटतं तोवर त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसू लागला होता. मुलगा जखमी व्हावा, पण फार नाही. शूर असावा, पण संध्याकाळी घरी असावा. असं युद्ध त्यांना हवं होतं आणि ते त्यांनी घरबसल्या मिळवलं.

मग मंडळाने माझा सत्कार ठेवला. अध्यक्ष एक निवृत्त मुख्याध्यापक होते, त्यांना शाल आणि नारळ देण्याचं व्यसन होतं. हॉल भरला होता. पुढच्या रांगेत आमच्या गल्लीतल्या बायका पदर सावरून बसल्या होत्या. बाबांनी अर्धा तास भाषण केलं. गोळी आता कानाला चाटून नव्हे, कानातून गेली होती. माईकपासून मात्र ते हातभर लांब उभे होते.

शेवटी मला बोलायला उभं केलं. मी ठरवून आलो होतो. मी म्हणालो, "मी श्रीलंकेला गेलोच नाही. मी ट्रेनिंग सेंटरच्या बाहेर पडलो नाही. मला गोळी लागली नाही. कानाचा पडदा आधीच फाटलेला होता, म्हणून मला घरी पाठवलं. मी काही केलेलं नाही, तेव्हा हा सत्कार मला नको."

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. आता होईल ते होवो म्हणून मी उभा राहिलो.

पहिल्या रांगेतल्या एका काकूंनी डोळ्यांना पदर लावला. "किती साधा पोट्टा आहे हो!" त्या शेजारणीला म्हणाल्या. मग एकाने टाळी वाजवली आणि सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला. अध्यक्ष उठले. त्यांनी माईक हातात घेऊन सांगितलं की खरा सैनिक आपल्या पराक्रमाबद्दल कधी बोलत नाही, शिवाय त्याला गुप्ततेची शपथ असते, ती आपण समजून घेतली पाहिजे. त्यांनी शाल माझ्या खांद्यावर घातली. मी काढली. त्यांनी पुन्हा घातली आणि या वेळी वरून हात दाबून धरला. फोटो निघाला. फोटोत मी शाल काढायच्या बेतात आहे, पण पाहणाऱ्याला वाटतं की गहिवरलो आहे.

खोटं बोलणाऱ्याची मला चीड होती, पण त्याला निदान काही मिळवायचं असतं. या लोकांना काय मिळत होतं? त्यांच्या कोणाच्या घरातून कोणी गेलं नव्हतं, जाणार नव्हतं. त्यांना दोन तास छाती फुगवून बसायचं होतं आणि मग बटाटेवडे खायचे होते. त्यासाठी कोणाचा तरी कान फुटलेला हवा होता.

परत येताना बाबा गल्लीच्या तोंडाशी थांबले आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "शेवटी चांगलं बोललास तू."

त्या दिवसापासून मी खुलासे करणं सोडलं. पॉलिटेक्निकचा प्रवेश पुढच्या वर्षी पुन्हा मिळवला. कानावर ऑपरेशन झालं, थोडं ऐकू येऊ लागलं, फार नाही.

साधारण वर्षाने माझा मित्र आमच्या दारात उभा राहिला. कुबडीवर. उजवा पाय घोट्याखाली नव्हता. सुरुंगावर पडला होता. गस्तीवरून परत येताना, चहा प्यायला जाताना. मला ते त्याने उंबऱ्यातच दोन वाक्यांत सांगून टाकलं आणि विचारलं, "काकी हवय?" काकी आहे का घरात? माझ्या आईच्या हातच्या पुऱ्यांबद्दल मी त्याला ट्रेनिंगमध्ये इतकं सांगितलं होतं की तो त्या खायला आला होता.

बाबा तेव्हा घरी होते. खरा सैनिक घरात आलेला पाहून ते आधी घाबरले. मला ते स्पष्ट दिसलं. त्यांची गोष्ट आता उघडी पडणार होती आणि मला, खरं सांगतो, आनंद झाला. मी खुर्ची पुढे ओढली आणि मित्राला म्हणालो, "सांग ना बाबांना, तिथे काय होतं."

"बारिश, चाचा," तो म्हणाला. "अउ जोंक. अउ डर."

बाबांनी नाक मुरडलं. पाऊस, जळवा आणि भीती हे त्यांच्या युद्धात बसत नव्हतं. ते म्हणाले, "लेकिन बहादुरी भी तो होगी? अब हमारे लड़के को ही देखो. उसके कान से गोली गई." बोलून गेल्यावर त्यांना कळलं की आपण कोणापुढे काय बोललो. ते तोंड उघडं ठेवूनच थांबले.

मित्राने माझ्याकडे पाहिलं. मग बाबांकडे. त्या मिशांकडे, त्या खाकी स्वेटरकडे, त्या उघड्या राहिलेल्या तोंडाकडे. आई गरम पुऱ्यांचं ताट घेऊन आली. त्याने एक पुरी मोडली आणि शांतपणे म्हणाला, "हव चाचा. मैं वहीं था. मैंने देखा."

बाबांचे डोळे भरून आले. ते उठले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने त्याला भाजी वाढली. उभ्या आयुष्यात त्यांनी कोणाला वाढलेलं मी पाहिलं नव्हतं.

मी त्याला रिक्षापर्यंत सोडायला गेलो तेव्हा चिडलेला होतो. "काहून खोटं बोललास? तुझा पाय गेला, आणि तू त्या माणसाची थाप खरी करतोस?" मराठीतच बोललो. त्याला समजत होतं.

तो रिक्षात बसला, कुबडी आडवी ठेवली. "तोर ददा खुस होगे," तो म्हणाला. "मोर का जाथे?"

तुझा बाप खूश झाला, माझं काय जातं. मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. त्याच्याइतकं मोठं मन माझं कधी झालं नाही. व्हावं असंही फारसं वाटलं नाही. ज्याचा पाय जातो त्याला उदार व्हायचा हक्क आहे. मला माझ्या बापाचा राग पुरेल तेवढा होता.

बाबा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. शेवटी अर्धांगवायूने बोलणं गेलं होतं. स्मशानात अध्यक्षांच्या जागी आलेल्या नव्या अध्यक्षांनी त्यांना वीरपिता म्हटलं. मी लाकडं नीट रचली आहेत का ते पाहत होतो. रडू आलं नाही. आईसाठी आलं, पण ते पुढे, ती गेली तेव्हा.

मी नकाशे काढायची नोकरी करून निवृत्त झालो. शहराच्या निम्म्या नळांच्या रेघा माझ्या हातच्या आहेत आणि माझा त्यावर कोणी सत्कार केलेला नाही. मंडळात आता नवी माणसं आहेत. वेगळं राज्य झाल्यावर उभ्या राहिलेल्या नव्या राजधानीतल्या ऑफिसांत काम करणारी, पुण्याहून-नागपूरहून बदलून आलेली. यंदाच्या हिवाळ्यात त्यांच्या सचिवाचा फोन आला. मी तो उजव्या कानाला लावला.

"सर, आम्ही या वेळी माजी सैनिकांचा सन्मान करून राहिलो. जुन्या अल्बममध्ये तुमचा फोटो मिळाला. शाल घेतानाचा. फार इमोशनल फोटो आहे, सर."

"मी सैनिक नाही. मला ट्रेनिंगमधून परत पाठवलं होतं."

"सर, तुम्ही खूप हंबल आहात."

जवळजवळ चाळीस वर्षांनी तेच. फक्त शब्द इंग्रजी झाला होता. मी म्हणालो, "खरा माणूस हवा असेल तर सांगतो. बीरगावला राहतो. श्रीलंकेत पाय गेला त्याचा. मी पत्ता देतो, मी स्वतः घेऊन येतो त्याला."

तो हरखला. "अरे वा सर! नक्की. मराठीच आहेत ना ते?"

"नाही. छत्तीसगढी."

फोनवर थोडा वेळ काही आवाज आला नाही. मला वाटलं कानाचा दोष असेल, म्हणून मी फोन जरा दाबून धरला.

"त्याचं काय आहे सर, कार्यक्रम मंडळाचा आहे. फंड मेंबर लोकांचा आहे. मी कमिटीत विचारून तुम्हाला कळवतो."

त्याने कळवलं नाही. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मी बसने बीरगावला गेलो. मित्र अंगणात खाटेवर बसून नातीला ओरडत होता, कारण तिने त्याचा लाकडी पाय धुवून उन्हात ठेवला होता आणि त्याला लघवीला जायचं होतं. मी पाय आणून दिला. त्याने तो चढवला, पट्टा आवळला आणि विचारलं, आज कसा काय आलास.

मी म्हणालो, असाच.

"बइठ," तो म्हणाला. "भात बनत हे."